लेख मागताना ‘सर’, मानधन मागताना ‘कोण?’

कबड्डीच्या मैदानावर पंचाला पैसे मागावे लागत नाहीत. घनसावंगीकडच्या एखाद्या गावात शिवजयंतीची स्पर्धा असो की परतूर-मंठ्याकडे यात्रेतले रात्रीचे सामने असोत, अंतिम सामना संपला की मंडळाचा पोरगा पाकीट आणून हातात देतो. रक्कम थोडी असते, पण ठरलेली असते. घरी जायची सोय झाली का, जेवण झालं का, हेही विचारलं जातं. वर्गणी काढून स्पर्धा भरवणाऱ्या पोरांना जे कळतं ते जाहिरातींवर चालणाऱ्या दैनिकाला कळू नये, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आमच्या जालना जिल्ह्यातले बरेच पंच आणि क्रीडाशिक्षक आता लिहायला लागले आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा हे तर आहेच, पण मला माझंही सांगायचं आहे.

छत्रपती संभाजीनगरहून आवृत्ती निघणाऱ्या एका दैनिकात मी, एक पंच म्हणून, कबड्डीच्या नियमांवर लिहीत होतो. बोनस कधी मिळतो, लोण कसा मोजतात, निदान रेषा न ओलांडता परतलेला चढाईपटू बाद का, असे लहान लेख. लोक कात्रणं जपून ठेवायचे. १५ जुलैला, बुवा साळवींच्या जयंतीला आपल्याकडे कबड्डी दिन असतो, त्या दिवशी तर क्रीडा विभागातून हमखास फोन यायचा. मानधनाचा विषय काढला की ‘सर, अकाउंट्सला पाठवलंय, प्रोसेसमध्ये आहे.’

मग ७ ऑक्टोबर २०२३ उजाडला. हँगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांची भारत-इराण अंतिम लढत. २८-२८ बरोबरी, शेवटचं मिनिट-दीड मिनिट उरलेलं, आणि पवन सेहरावत गुण घ्या नाहीतर बाद व्हा अशा चढाईवर. तो कुणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्या मागे इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने स्पर्शाशिवाय लॉबीत गेलेले सगळेच बाद. नव्या नियमाने फक्त चढाईपटू बाद. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला. सामना तासाभराच्या आसपास थांबला. शेवटी भारताने ३३-२९ ने सुवर्ण घेतलं.

संध्याकाळी फोन आला. ‘सर, तुमच्याशिवाय हे कुणाला समजावून सांगता येणार? नऊपर्यंत द्या.’ मी जेवण बाजूला ठेवून लिहिलं. माझं म्हणणं साधं होतं: एकाच खेळाला दोन ठिकाणी दोन नियम लावले की सर्वांत आधी पंच बळी जातो, तेव्हा दोष मैदानावरच्या माणसाला देऊ नका, नियम एक करा.

सकाळी पेपर उघडला तर मथळा पंचांच्या अज्ञानावर होता. जुन्या नियमाचं वाक्य जागेसाठी कापलं होतं, त्यामुळे उरलेल्या मजकुराचा अर्थच उलटा झाला. पंचांना नियम माहीत नव्हता असं एका पंचानेच आपल्या नावाने लिहिल्यासारखं ते दिसत होतं. मला ज्यांनी शिट्टी धरायला शिकवलं त्या ज्येष्ठ पंचांचा फोन आला. ते चिडले नाहीत. ‘तू असं लिहिशील असं वाटलं नव्हतं,’ एवढंच म्हणाले. मूळ मजकूर मी त्यांना पाठवला, तेव्हा त्यांची खात्री पटली. पण छापलेलं वाचलेल्या प्रत्येकाला मूळ मजकूर कुठून पाठवणार? दुरुस्ती छापा म्हणून मागे लागलो. ती कधीच आली नाही.

पुढे २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली आणि मी पुन्हा ‘सर’ झालो. पंचांच्या सुरक्षेवर लेख हवा होता. खेळ कुस्तीचा असला तरी विषय आमचाच होता, म्हणून दिला. मानधनाचं आधी विचारलं. ‘या वेळी सगळं एकदमच काढतो.’

त्यानंतर एका स्पर्धेच्या कामासाठी शहरात गेलो होतो. वेळ होता, म्हणून त्या दैनिकाच्या कचेरीत गेलो आणि थेट अकाउंट्सच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, संगणकात घातलं, पुन्हा विचारलं, आडनावाने शोधलं. मग म्हणाल्या, ‘कोण? काका, तुमच्या नावाचं व्हाउचरच कधी आलेलं नाही.’ त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. बाहेरच्या लेखकांची यादी होती. तीत क्रीडा पानावरची नावं होती आणि नावांपुढे रकमा होत्या. ‘लेख छापून आला की विभागाने स्लिप भरायची असते. ती आली की आम्ही महिन्याच्या महिन्याला काढतो,’ त्यांनी समजावून सांगितलं. बाई भल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मी तिथेच उभा राहिलो. पैसे अडकलेले नव्हते. प्रोसेस नावाची काही गोष्टच चालू नव्हती. इतका काळ मी ज्याची वाट पाहत होतो तो एक कागद होता, आणि मला सर म्हणणाऱ्या माणसाने तो एकदाही भरला नव्हता.

वर क्रीडा विभागात गेलो. तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, ‘जिल्ह्यातल्या लेखकांना आपण मानधन देत नाही, प्रसिद्धी देतो. तुमचं नाव झालंच ना?’ आणि पाठोपाठ, जणू माझ्यावर उपकारच करत होते: ‘वर्धापनदिनाची पुरवणी येतेय. जालन्यात बियाणे कंपन्या आहेत, रोलिंग मिल आहेत. तुमच्या ओळखीने अर्ध्या पानाची जाहिरात आणा, कमिशन तुमचंच.’

या बोलण्यात काय मागितलं जात होतं ते पंचालाच कळेल. आमच्याकडे बक्षिसं, ढाली, संघांचे कपडे याच लोकांच्या पैशातून येतात. ज्याच्या दारात सोमवारी जाहिरातीसाठी उभं राहायचं, त्याच्याच संघाच्या सामन्यात रविवारी सरपंच, म्हणजे मुख्य पंच, म्हणून शिट्टी वाजवायची? पंचाकडे निःपक्षपातीपणाखेरीज दुसरं भांडवल नसतं, आणि वर्तमानपत्र मला तेच विकायला सांगत होतं. मानधन बुडालं ते सोसता येतं, हे सोसता येत नाही. मी नाही म्हणालो आणि खाली उतरलो.

आता लिहिणाऱ्यांसाठी. ‘तुमचं मानधन किती?’ हे विचारू नका, कारण त्यावर ‘बघू’ असं उत्तर येतं. ‘स्लिप कोण भरतं आणि कधी?’ हे विचारा. पहिला लेख छापून आला की अकाउंट्सला स्वतः फोन करून व्हाउचर आलं का ते पाहा, आणि पहिल्याचे पैसे खात्यात आल्याशिवाय तिसरा लेख देऊ नका. रक्कम, शब्द, मुदत आणि नाव या चार गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि समोरच्याचं ‘हो’ घ्या. फोनवरच्या गोड बोलण्याचा पुरावा नसतो. पाठवलेला मूळ मजकूर आणि छापलेलं कात्रण एकत्र जपून ठेवा. माझी अब्रू त्यानेच राखली.

पंचांनी आणखी एक अट घालावी: नियमाबद्दलचं एकही वाक्य विचारल्याशिवाय कापायचं किंवा बदलायचं नाही आणि मथळा आधी दाखवायचा. संपादक कुरकुरतील. कुरकुरू द्या. आपण ज्या सामन्यात पंच होतो त्यावर मात्र कितीही आग्रह झाला तरी लिहू नये.

कायदाही थोडा माहीत असू द्या, तो आपल्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि आपल्या सहीने द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कलम ५७ प्रमाणे लेखाला आपलं नाव लागावं आणि प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी मोडतोड होऊ नये, हा हक्क लेखकाकडेच राहतो. मजिठिया वेतन मंडळाचं नाव बरेच जण घेतात. त्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ ला अधिसूचित झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या कायम केल्या, पण त्या नोकरीतल्या पत्रकारांसाठी आहेत. बाहेरून लिहिणाऱ्याने त्यांच्या भरवशावर राहू नये.

आणि लिहिणं हे काम आहे, हे आधी आपण मानलं पाहिजे. ‘आवड म्हणून लिहितो’ असं संपादकासमोर कधीही म्हणू नका.

केलेल्या कामाच्या पैशासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. हँगझोऊच्या लेखाची मुदत ऑक्टोबर २०२६ मध्ये भरते. अंबडच्या वकिलांकडे सगळी कात्रणं आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश दिले आहेत, नोटीस त्याआधीच जाईल. रक्कम वकिलाच्या फीपेक्षा कमीच आहे. तरी ती मला हवी आहे, आणि तीही त्याच अकाउंट्सच्या टेबलावरून, माझ्या नावाच्या व्हाउचरवर.