बाळाची पाठ पाहा

घराला आढे असते. आढे वाकले की घर वाकते. आपल्या अंगाला तसा पाठीचा कणा आहे. कणा म्हणजे मणक्यांची माळ. या माळेच्या पोकळीतून एक मऊ दोर खाली जातो. त्याला मज्जारज्जू म्हणतात. पाय हलतो, चटका कळतो, लघवी धरता येते, ते या दोरामुळे.

पोटात हा दोर आधी पन्हळीसारखा उघडा असतो. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत पन्हळ मिटते, तिची नळी होते. कधी ती पुरी मिटत नाही. मग बाळाच्या पाठीवर जन्मतःच गाठ दिसते. कधी वरची कातडी धड असते आणि दोष आत लपतो. कमरेवर केसांचा झुबका, खळगी, डाग किंवा मऊ उंचवटा, एवढीच खूण दिसते. मूल वाढते तसा आतला दोर ताणतो. पाऊल वाकडे पडते. लघवी ठिबकते. पाठीला बाक येतो.

"हिने ग्रहणात भाजी चिरली," असे लोक म्हणतात. हे खरे नाही. आईला बोल लावू नका.

मग काय करावे? गाठ दाबू नका, फोडू नका, तिच्यावर डाग देऊ नका. स्वच्छ फडक्याने हलके झाका. बाळाला कुशीवर निजवा. त्याच दिवशी दवाखाना गाठा. केदारखेड्याच्या माणसाला तालुक्याला भोकरदनचे सरकारी रुग्णालय आहे, पुढे जालन्याचे जिल्हा रुग्णालय आहे. तिथून संभाजीनगरच्या घाटीत जा म्हणाले, तर जा. वाट पाहू नका.

२०१३ पासून सरकारची बाल स्वास्थ्य योजना आहे. तिचे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. सदरा काढून पाठ दाखवा.

हा दोष पुष्कळदा टाळता येतो. ज्या बायांना आधी असे मूल झाले होते, त्यांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्लाची गोळी देऊन पाहिली. १९९१ साली निकाल आला. जिथे ४ बाळांना दोष आला असता, तिथे सुमारे एकालाच आला. पाळी चुकल्याचे कळेतो ते २८ दिवस सरत येतात. म्हणून गोळी आधीच सुरू करावी. आशाताईंना विचारा. आधी असे मूल झाले असेल, तर मात्रा जास्त लागते. ती डॉक्टरांकडून घ्यावी.

आज आंघोळ घालताना बाळाची पाठ नीट पाहा, बरं का!

सांगा पाहू :
१. कमरेवर कोणत्या खुणा पाहाव्या?
२. गाठ असल्यास काय करू नये?
३. गोळी केव्हापासून घ्यावी?