कार्यालयातील बिनतारी जाळे : जोडणी आणि जबाबदारी

ग्रामपंचायत असो, पंचायत समिती असो की शाळा. संगणकांची संख्या वाढली की केबली भिंतींवरून, दारांच्या चौकटींवरून आणि कधी कधी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांतूनही फिरू लागतात. त्यात भ्रमणध्वनी आणि टॅब्लेट यांवरून करावयाच्या कामांची भर पडली आहे. या साधनांना केबल जोडण्याची सोयच बहुधा नसते. साहजिकच ‘एक वाय-फाय बसवून घ्यावे’ असा निर्णय बैठकीत विनासायास होतो. बाजारातून एक छोटा डबा येतो, तो स्विचला जोडला जातो आणि काम झाले असे समजण्यात येते. बऱ्याच अडचणींचा आरंभ नेमका येथेच होतो.

दोन डबे, दोन कामे

केबलचे जाळे आणि बिनतारी साधने यांना सांधणाऱ्या उपकरणास अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. त्याचे काम एवढेच. राउटरचे काम निराळे असते. तो कार्यालयाचे जाळे बाहेरच्या इंटरनेटशी जोडतो आणि जाळ्यातील प्रत्येक संगणकास एक क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, देतो. पत्ते वाटण्याच्या या व्यवस्थेला डीएचसीपी असे नाव आहे. दुकानात ‘वाय-फायचा डबा’ म्हणून जो मिळतो तो बहुधा घरगुती राउटर असतो. अ‍ॅक्सेस पॉइंटचे काम तो करू शकतो. परंतु पत्ते वाटण्याची त्याची मूळ सवय आधी बंद करावी लागते.

ती बंद न केल्यास काय होते, हे पंचायत सदस्यांना सहज समजेल. गावातील घरांना क्रमांक देण्याचे काम दोघांनी परस्परांना न विचारता सुरू केले, तर कराची मागणी बिले भलत्याच दारी जातील. जाळ्यातही तसेच घडते. काही संगणक जुन्या राउटरकडून पत्ता घेतात, काही नव्या डब्याकडून. नव्या डब्याकडून पत्ता घेतलेल्या संगणकांना इंटरनेटचा मार्ग चुकीचा सांगितला जातो. त्यांना प्रिंटर सापडत नाही, शासनाची संकेतस्थळे उघडत नाहीत.

हा दोष लगेच दिसून येत नाही, ही त्यातील खरी मेख. चालू असलेला संगणक आपला जुना पत्ता ठरावीक मुदतीपर्यंत सांभाळून ठेवतो. त्यामुळे सायंकाळी बसविलेल्या डब्याचा उपद्रव दुसऱ्या दिवशी सकाळी, संगणक पुन्हा सुरू झाल्यावर जाणवतो. तोवर त्या डब्याचा कोणाला संशयही येत नाही. दोष इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या माथी मारला जातो, तक्रार नोंदविली जाते, आणि दाखल्यासाठी आलेला शेतकरी मात्र ‘सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर ऐकून परत जातो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. ती मुदत अशा एका डब्यापायी वाया जावी, हे योग्य नव्हे.

जोडणीचा क्रम

नवा डबा प्रथम जाळ्यास न जोडता केवळ एका संगणकास जोडावा आणि त्याच्या मांडणीचे पान उघडावे. कारखान्यातून आलेला व्यवस्थापकाचा पासवर्ड प्रथम बदलावा. तो पुष्कळ वेळा डब्याच्या पाठीवरच छापलेला असतो. त्यानंतर डब्याला कार्यालयाच्या जाळ्यातील एक कायमचा पत्ता द्यावा. समजा, मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि तो १०० ते २०० या क्रमांकांमधील पत्ते वाटतो. तर डब्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता देणे सोयीचे, कारण तो वाटपाच्या बाहेर राहतो. मग डीएचसीपी बंद करावे. काही डब्यांमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ अशी निवड असते. ती केल्यास हे काम आपोआप होते. तशी निवड नसेल, तर स्विचकडून आलेली केबल ‘वॅन’ असे लिहिलेल्या खाचेत न घालता ‘लॅन’च्या खाचेत घालावी. शासनाच्या विस्तृत जाळ्याशी जोडलेल्या कार्यालयांनी या सर्वांच्या आधी जाळ्याच्या प्रभारी तंत्रज्ञाची लेखी संमती घ्यावी.

जागेची निवड

लोखंडी कपाटाच्या माथ्यावर किंवा मागे डबा ठेवण्याची प्रथा सर्वत्र दिसते. रेडिओलहरींच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधणे कठीण. लोखंड, पत्रा आणि जाड दगडी भिंत हे या लहरींचे वैरी होत. वापर जेथे अधिक त्या खोलीत, उंचावर, मोकळ्या भिंतीवर डबा असावा. इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. तेव्हा राउटरशेजारीच डबा ठेवण्याचे कारण नाही. जुन्या दगडी इमारतीत एक शक्तिमान डबा बसविण्यापेक्षा दोन साधे डबे दोन खोल्यांत बसविणे अधिक उपयुक्त ठरते.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात, पण त्यांची वाट गर्दीची असते. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमतात. पहिल्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. शेजारच्या बँकेचा वा दुकानाचा डबा ज्या वाहिनीवर असेल ती टाळून उरलेल्यांपैकी एक घ्यावी.

उघडे दार

१९९७ च्या मूळ मानकातील ‘डब्ल्यूईपी’ ही सुरक्षापद्धती फोडता येते हे २००१ मध्येच सिद्ध झाले होते. आज ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा २०१८ मध्ये आलेली ‘डब्ल्यूपीए-३’ यांखेरीज दुसरी पद्धत निवडू नये. निष्काळजीपणाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथे झालेल्या बाँबस्फोटांच्या सुमारास धमकीचा ई-मेल पाठविण्यासाठी नवी मुंबईतील एका घरातील असुरक्षित वाय-फाय जोडणी वापरण्यात आल्याचे तपासात आढळले. त्या घरातील रहिवाशाला त्याची गंधवार्ताही नव्हती, परंतु चौकशीला त्यालाच सामोरे जावे लागले.

कार्यालयाच्या जाळ्यात तर नागरिकांची आधार क्रमांकासह कागदपत्रे असतात. शाळेत विद्यार्थ्यांची माहिती असते. असे असूनही पासवर्ड फळ्यावर खडूने लिहिलेला आढळतो! पासवर्ड किमान ८ अक्षरांचा असावा लागतो. तो १५-१६ अक्षरांचा ठेवणे इष्ट. गावाचे नाव आणि पिनकोड यांची जुळणी हा पासवर्ड नव्हे.

अभ्यागतांसाठी ‘गेस्ट’ नावाचे वेगळे जाळे ठेवण्याची सोय अनेक डब्यांत असते. तीवर डोळे झाकून विसंबू नये. अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालविलेल्या काही स्वस्त डब्यांत हे पाहुण्यांचे जाळे आतल्या जाळ्यापासून प्रत्यक्षात वेगळे होतच नाही. परीक्षा सोपी आहे. भ्रमणध्वनी ‘गेस्ट’ला जोडावा आणि कार्यालयातील प्रिंटरचा किंवा राउटरचा पत्ता उघडून पाहावा. तो उघडला, तर ते जाळे अभ्यागतांना देऊ नये.

नोंद आणि कार्यभार

डबा जडवस्तू नोंदवहीत चढविला जातो, मात्र त्याची मांडणी बहुधा बसविणाऱ्या तरुणाच्या स्मरणातच राहते. डब्याचा पत्ता, जागा, वाहिनी आणि बसविल्याची तारीख एका कागदावर लिहून ठेवावी. व्यवस्थापकाचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात कार्यालयप्रमुखाच्या ताब्यात असावा. ग्रामपंचायत अधिकारी किंवा मुख्याध्यापक बदलून गेल्यास कार्यभाराच्या यादीत त्या पाकिटाचा उल्लेख करावा आणि नव्या अधिकाऱ्याने त्याच आठवड्यात दोन्ही पासवर्ड बदलावेत. कंत्राटी संगणकचालकाचे काम संपले तेव्हाही हाच नियम लावावा.

डबा निकामी झाला आणि निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर झाला, तरी तो तसाच भंगारात देऊ नये. त्याच्या पाठीमागे टाचणीने दाबावयाचे एक बारीक छिद्र असते. डबा चालू होत असेल तर ते कळ आत जाईपर्यंत दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे. आतील मांडणी आणि पासवर्ड पुसले जातात. डबा चालूच होत नसेल, तर त्याने जाणलेला वाय-फायचा पासवर्ड कार्यालयातील उरलेल्या सर्व डब्यांवर बदलावा, आणि मगच तो भंगाराच्या गाडीत चढवावा.