फाटकं जाळं, माशाची घाण आणि घरचा खर्च



पाऊस लागला की वेदगंगा, दूधगंगा गढूळ होतात, होड्या काठाला लागतात आणि घरात पैसा येणं थांबतं. या दिवसांत नवीन कमाई शोधण्याआधी घरातून काय वाया जातंय ते बघूया. खाली दिलेल्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही.

१) फाटकं जाळं
पूर्वी सुती जाळी होती, टाकली तरी कुजून जायची. नायलॉन कुजत नाही. गेल्या एका पुरात आमच्यातल्याच एका होडीवाल्यानं काठावर टाकलेलं जाळं वाहून गेलं. पाणी ओसरल्यावर ते बाभळीला अडकलेलं दिसलं, आणि त्यात अंड्यावर आलेली मोठी मृगळ मरून पडली होती. राहू, कटला, मृगळ पावसातच अंडी सोडतात, आणि एक मादी लाखांनी सोडते. म्हणजे ते टाकलेलं जाळं पुढच्या वर्षीची आपलीच कमाई मारत होतं.

चूल पेटवायला नायलॉनचा तुकडा घालायची सवयही सोडा. तो विषारी धूर सगळ्यात आधी घरच्या बाईच्या आणि पोरांच्या छातीत जातो.

मग करायचं काय? शिशाच्या गोळ्या आणि तरंगते काढून नव्या जाळ्याला वापरा. शिसं विषारी आहे, लहान पोरांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात साबणानं धुवा. उरलेलं जाळं दोडका, कारलं, घेवड्याच्या मांडवाला ताणून बांधा. सैल सोडलं किंवा ढीग करून ठेवलं तर त्यात साप, पाखरं अडकतात.

२) माशाची घाण
खवले, आतडी, कल्ले नदीत टाकले की पाणी नासतं, उकिरड्यावर टाकले की कुत्री येतात. आपल्या भागात गुळाला तोटा नाही. जितकी घाण तितकाच गूळ वजनानं घ्या, हलका काळा गूळ चालतो. प्लास्टिकच्या डब्यात दोन्ही कालवा. डबा वरून तिसरा हिस्सा रिकामा राहू दे. झाकण सैल ठेवा, घट्ट लावलं तर आतल्या वायूनं डबा फुटेल. सावलीत ठेवा, मधून मधून ढवळा. १५ ते २० दिवसांनी गाळून घ्या. १ लिटर पाण्यात ५ मिली घालून संध्याकाळी भाजीवर मारा. आधी एक-दोन रोपांवर मारून बघा, मगच सगळ्यांवर.

गूळ नसेल तर परड्यात हातभर खोल खड्डा काढून घाण पुरा, वर राख आणि माती दाबा. नारळ, केळीच्या बुडाजवळ पुरलं तर उत्तम.

३) बर्फ
उन्हाळ्यात १ किलो माशाला १ किलो बर्फ धरा. तळाला बर्फ, मग मासे, परत बर्फ असे थर लावा. वितळलेलं पाणी खालून निघून जाऊ दे, त्यात मासे बुडून राहिले की लवकर मऊ पडतात. पेटीवर ओलं गोणपाट टाका आणि पेटी सावलीत ठेवा. बर्फ जास्त टिकतो, बाजारात भावही मोडत नाही.

४) वीज
६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावा. रोज ५ तास लावला तर एका बल्बमागं महिन्याला साडेसात युनिट वाचतात. कर्नाटकातल्या घरांना गृहज्योतीत २०० युनिटांची मर्यादा आहे. ती ओलांडली की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. म्हणून काठावर असलेल्या घरानं दोन बल्ब बदलले तरी फरक पडतो.

सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात फक्त काठावरची फाटकी जाळी गोळा करून घरी आणा. पाणी चढायच्या आत. नदी आपली आहे, आणि मासाही आपलाच.

तुमच्या घरात आजी-आईची अशी एखादी युक्ती असेल तर खाली लिहा, आम्ही सगळ्यांपर्यंत पोचवू.