मागच्या हाऊसिंगचा आवाज

जुना ट्रक घेताना सगळे इंजिनापाशी घुटमळतात. धूर बघतात, चेसीचा गंज बघतात. मागच्या हाऊसिंगखाली मात्र सहसा कुणी वाकत नाही. माझ्या गाडीचं दुखणं नेमकं तिथं होतं. चिपळूणहून चिरा भरून कुंभार्ली घाट चढताना मागून जोराचा खाडकन आवाज आला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण चाकांना ओढच नाही. पिनियनचे दात उडाले होते.

अशा वेळी ड्रायव्हरने पायातला ब्रेक सोडू नये. ओढ तुटली की गिअरही गाडी धरत नाही. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक प्रॉपेलर शाफ्टवर असतो, मग तोही कामाचा नाही. क्लीनरने आधी चाकांना दगड लावावेत, बाकी सगळं नंतर.

हाऊसिंग उघडल्यावर कारण दिसलं. क्राऊनवर एक नंबर, पिनियनवर दुसराच. आधी कुणीतरी जुन्या क्राऊनला नुसता नवा पिनियन लावला होता. ही दोन चाकं कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात आणि दोन्हींवर एकच नंबर कोरतात. घ्यायची तर जोडी घ्या. भंगारातून आणणार असाल तर दात मोजा. क्राऊनला ४१ आणि पिनियनला ६ दात म्हणजे रेशो ६.८३, तर ७ दातांना ५.८६. रेशो बदलला की चढाची ताकद आणि डिझेलचा हिशोब दोन्ही बदलतात.

पण दात उडणं हा शेवट होता. सुरुवात ब्रीदरपासून झाली होती. हाऊसिंगवरची ती छोटी नळी चिखलाने बुजली होती. तेल तापलं की आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही की ऑइल सीलमधून तेल बाहेर ढकलते. पातळी उतरते. घाट चढताना हाऊसिंगचं तोंड वर होतं, उरलंसुरलं तेल मागे सरकतं आणि पिनियनचं पुढचं बेअरिंग कोरडं पडतं. बेअरिंग ढिलं झालं की पिनियन हलतो, मग दात दातावर नीट बसत नाही. म्हणून नवी जोडी टाकताना बेअरिंग, सील आणि ब्रीदर यांचं काम त्याच वेळी करून घ्या. मिस्त्रीकडे डायल गेज आहे का, तो दातांना रंग लावून ठसा बघतो का, हे विचारायला अजिबात संकोच करू नका. नुसत्या हाताच्या अंदाजाने शिम टाकणाऱ्याकडे मी गाडी देणार नाही.

आवाज आधीपासून येत असतो. रेस दिल्यावर घुमणारा आणि पाय उचलताच सूर बदलणारा आवाज बहुधा क्राऊन-पिनियनचा असतो. फक्त वळणावर कटकट होत असेल तर आतले छोटे स्पायडर गिअर तपासा. गाडी उचलताना एकच ठोका येत असेल तर हाऊसिंग खोलण्याआधी प्रॉपेलर शाफ्टचा जॉइंट हाताने हलवून बघा, तो बराच स्वस्तात सुटतो. मागच्या दोन्ही बाजूंचे टायर सारख्या घेराचे ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावरही स्पायडरना उसंत मिळत नाही. आणि चिखलात एकच चाक फिरत असेल तर रेस वाढवू नका.

पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तेल उघडून बघा. दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, तेल बदलाच. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर मऊ राखाडी लगदा चालतो. बोटाला टोचणारा कण लागला तर त्या दिवशी भाडं घेऊ नका.