तपासणी खुर्चीतच सुरू होते

चि. सायली हिस,


काळेवाडीतल्या कलेक्शन सेंटरवर रुजू झालीस आणि आता शीर पटकन सापडते, हात बसला, असं तू लिहिलंस. आनंद झाला. पण शीर सापडणं हे या कामाचं अर्धंही अंग नाही असं माझं ठाम मत आहे. इटलीतल्या पादुआ इथे प्लेबानी आणि कारारो यांनी तातडीच्या प्रयोगशाळेतल्या चुका मोजल्या. १९९७ साली छापलेल्या त्या अभ्यासात सुमारे ६८ टक्के चुका सॅम्पल मशीनवर चढण्याआधीच्या निघाल्या. दहा वर्षांनी त्याच ठिकाणी पुन्हा मोजलं, तेव्हाही प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास होतं. तुझं काम नेमकं याच टप्प्यातलं आहे. इथली चूक पकडणं अवघड, कारण ती चुकीसारखी दिसतच नाही. जांभळ्या झाकणाच्या बल्बात पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. लाल बल्ब कमी भरला म्हणून त्यात जांभळ्यातलं थोडं ओतलं, की पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं येतं. एका बल्बातलं रसायन सुईवाटेही दुसऱ्यात जाऊ नये म्हणून आधी निळा, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, जांभळा आणि शेवटी करडा, हा क्रम गर्दीतही मोडायचा नाही. दंडाची पट्टी मिनिटभराच्या वर आवळून ठेवली, मूठ सारखी उघडमीट करायला लावली किंवा सिरिंजमधलं रक्त सुईतून जोरात बल्बात सोडलं, तरी निकाल बिघडतो. पेशी फुटून सीरम लाल झालं तर मशीन ओळखतं, हे तुझं म्हणणं खरं आहे. पण ईडीटीए मिसळलेलं सीरम स्वच्छ पिवळंच दिसतं, आणि संतोषचं रक्त सुनीलच्या नावावर गेलं तर कुठलंच मशीन तक्रार करत नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत तर जांभळा बल्ब नीट उलटसुलट केला नाही म्हणून पडलेली एक बारीक गाठही प्लेटलेट खोट्याच कमी दाखवते, आणि नातेवाईक घाबरून पिशवीच्या शोधात धावतात.

तुझ्या भागात याला आणखी एक पदर आहे. चाकण-भोसरीच्या कंपन्यांतली तिसरी पाळी संपवून माणूस घरी न जाता तुझ्याकडे येतो. ‘उपाशी आहात ना?’ असं विचारलंस तर तो प्रामाणिकपणे हो म्हणेल, कारण सकाळचा चहा त्याने घेतलेला नसतो. डबा मात्र पहाटे तीनला उघडलेला असतो. उपाशीपोटीच्या साखरेला किमान ८ तास पोट रिकामं लागतं. तेव्हा ‘शेवटचं काय खाल्लंत, किती वाजता?’ असंच विचार. रात्रभर जागलेल्या माणसाच्या सकाळच्या कॉर्टिसॉलचा अर्थ वेगळा लावावा लागतो. ज्याने अवजड काम उपसलं आहे त्याचं सीपीके आणि एसजीओटी स्नायूंमुळे वाढलेलं असू शकतं, आणि संशय उगाच यकृतावर जातो. फॉर्मवर ‘रात्रपाळीनंतर’ एवढा एक शब्द तू लिहिलास तर डॉक्टरांना निकालाचा अर्थ लागेल. नावाचंही तेच. पेंगुळलेला माणूस ‘तुम्ही संतोष ना?’ या प्रश्नालाही मान डोलावतो. नाव आणि वय त्यालाच सांगू दे, आणि लेबल रक्त काढल्यावर, तो खुर्चीतून उठायच्या आत लाव. वेळ वाचवायला आधीच लेबलं चिकटवून मांडलेल्या बल्बांची रांग मला मुळीच पसंत नाही.

तू म्हणशील, सकाळी सातला दारात रांग असते, कुणाला कंपनीची बस गाठायची असते, त्यात हे सगळं कसं जमावं? गर्दी खरी आहे. पण दोन प्रश्नांना लागणारा वेळ पुन्हा बोलावून सुई टोचण्यापेक्षा कमीच असतो. बिल, रजिस्टर मागे पडलं तर पडू दे. दोनदा प्रयत्न करून शीर लागली नाही तर दुसऱ्याला बोलाव. संशयाचा बल्ब पुढे पाठवू नकोस. पुन्हा टोचलं तर माणूस चिडेल, मालकही कुरकुरेल, पण खोट्या पोटॅशियमवरून कुणाचं बीपीचं औषध बंद झालं तर ते त्याहून महाग पडेल. सॅम्पल नेणारा रनर उशिरा येणार असेल तर लाल बल्ब तसेच फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो. तो टाळ, कारण गारव्याने पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. अर्धा तास रक्त गोठू दे आणि दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजवर फिरवून सीरम वेगळं कर. साध्या बल्बात ठेवलेल्या रक्तातली साखर खोलीच्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के घटते. करड्या झाकणातलं फ्लोराइडही पहिल्या तास-दोन तासांत ती घट पूर्ण थांबवत नाही. काठावरचा मधुमेह असाच निसटतो. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते, २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर ती आवश्यकच ठरवली, मग माझ्यावर भार कशाला, असंही तुझ्या मनात येईल. पण सही करणारे डॉक्टर त्या खुर्चीपाशी नसतात. बल्बात काय, कुणाचं आणि कधीचं आहे, हे त्यांना तुझ्या लेबलवरूनच कळतं.

आता तुझ्या स्वतःविषयी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नकोस, ती थेट न भेदता येणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाक. टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धू, लपवू नकोस, आणि लगेच वायसीएमसारखं मोठं रुग्णालय गाठ. एचआयव्ही टाळण्याचं औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही. हिपॅटायटिस-बीचे दोन डोस झाल्याचं तू लिहिलंस. सहाव्या महिन्याचा तिसरा चुकवू नकोस, आणि तो झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून मला कळव.

तुझी,
आत्या