माझ्याकडे, मला, माझ्या अंगी



'माझ्याकडे मोटारसायकल आहे' असे आपण सहज म्हणतो. पण 'माझ्याकडे बहीण आहे' असे कुणी म्हणाले, तर ती चार दिवस माहेरी आली असेल असेच आपण समजू. नाते सांगायचे तर 'मला बहीण आहे' म्हणावे लागते. गुणांची गोष्ट निघाली की बोलणे पुन्हा बदलते: 'तिच्या अंगी धीर आहे.' इंग्रजीला या तिन्हींसाठी 'हॅव' हे एक क्रियापद पुरते. मराठीत तसे क्रियापदच नाही. आपण नुसते 'आहे' म्हणतो. ते कुणाकडे, कुणाला, कुणाच्या अंगी, एवढे सांगतो. जुना करार ज्या हिब्रू भाषेत लिहिला गेला तिचीही तऱ्हा अशीच, 'मला आहे' अशी.

प्रथम वस्तू घेऊ. जे आज माझ्याकडे आहे ते काल दुसऱ्याकडे होते, उद्या तिसऱ्याकडे जाईल. आपला सातबारा काढून पाहा. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला तिथे 'भोगवटादार' म्हटले आहे. सरकारी कागदाने इतका खरा शब्द वापरावा याचे आम्हांला नवल वाटते! लेवीय २५:२३ मध्ये परमेश्वर इस्राएल लोकांना बजावतो, की जमीन त्याची आहे आणि ते तिच्यावर उपरे आहेत. म्हणून ती कायमची विकायची नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याची नीट फोड केली. वस्तू मिळवण्याचा व तिची व्यवस्था पाहण्याचा हक्क माणसाला आहे. मात्र वापराच्या वेळी ती केवळ आपली न समजता गरजवंताला देण्याची तयारी हवी.

गुणांविषयी थोडक्यात. करिंथ येथील लोक आपापल्या देणग्यांचा तोरा मिरवू लागले, तेव्हा संत पौलाने त्यांना विचारले, की तुम्हांला मिळालेले नाही असे तुमच्यापाशी आहे तरी काय? (१ करिंथ ४:७)

खरी अडचण माणसांपाशी येते. 'मला मुलगा झाला' असे आपण म्हणतो. मिळवला असे म्हणत नाही. (तापाबद्दलही आपण 'मला ताप आहे' असेच म्हणतो. दोन्ही आपल्या हुकमाने येत नाहीत!) उत्पत्ती ४:१ मध्ये हव्वा पहिल्या मुलाच्या जन्मावेळी 'मिळवणे' या अर्थाचे क्रियापद वापरते आणि काईन हे नाव त्याच शब्दाशी जोडलेले आहे. पण तीदेखील 'परमेश्वराच्या साहाय्याने' हे सांगायला विसरत नाही. मूल ही देणगी आहे, मालमत्ता नव्हे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो (क्र. २३७८). तरी मुलाने कोणता कोर्स घ्यावा, मुलीने कुणाशी लग्न करावे, हे ठरवताना आपण 'माझ्याकडे'चीच भाषा बोलतो.

मार्क १०:१७-२२ मधला श्रीमंत माणूस येशूला काय विचारतो ते पाहावे. सार्वकालिक जीवनाचा 'वारसा' कसा मिळेल, हा त्याचा प्रश्न आहे. मालमत्ता असलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचला नाही. येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, हे एकटा मार्कच नोंदवतो. त्यानंतर सर्व विकून गोरगरिबांना देण्याची आज्ञा येते आणि माणूस खिन्न होऊन निघून जातो. त्याच्याकडे पुष्कळ होते, असे मार्क म्हणतो. खरे तर त्या पुष्कळाच्या ताब्यात तोच होता.

आपल्या घरांत हा प्रश्न वडिलांच्या पश्चात उभा राहतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केले नसेल, तर विधवेचा वाटा वगळून उरलेल्या मालमत्तेत मुलगा व मुलगी यांना समान वाटा आहे. तरीही लग्न झालेल्या बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. जेवण होते, साडी दिली जाते, सही होते. ती खुशीने देत असेल तर प्रश्न नाही. पण नाही म्हटले तर माहेर तुटेल या भीतीने दिलेली सही खुशीची कशी म्हणावी? 'माझ्याकडे' काय राहील याचा हिशोब करताना 'मला बहीण आहे' हे वाक्य कितीतरी घरांत बंद पडले आहे. आम्हांलाही अशी घरे ठाऊक आहेत.

निदान एवढे करता येईल. कागद कचेरीत पुढे सरकवण्याऐवजी आठ दिवस आधी तिच्या घरी न्यावा. तिचा वाटा किती गुंठे होतो व आजच्या भावाने त्याचे किती पैसे होतात, हे तिला स्पष्ट सांगावे. मग तिचे उत्तर ऐकून घ्यावे.