घरोघर शुश्रूषा करणारीस शिक्षण का हवे?

अंतःकरणात कळवळा असला म्हणजे रोग्याची शुश्रूषा आपोआप साधते, असे पुष्कळांस वाटते. हा समज अपुरा आहे, हे इंग्लंडातील लिव्हरपूल शहराच्या हकिकतीवरून दिसून येईल.

इ. स. १८५९ त तेथील व्यापारी विल्यम रॅथबोन ह्यांची पत्नी निवर्तली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन ह्या परिचारिकेस त्यांनी तीन महिने गरिबांच्या घरी पाठविले. तेथील दैन्य पाहून ती महिन्याभरातच खचली. परंतु धीर दिल्यावर टिकली, व मुदत संपताच तेच काम पुढे चालविण्यास राजी झाली. अशा आणखी परिचारिका हव्या होत्या, पण शिकलेल्या मिळेनात. तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या सल्ल्याने रॅथबोन ह्यांनी शाळाच उभारिली. ती १८६२ त सुरू झाली. बाईंनीही १८६१ त आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकाची मजूरवर्गासाठी आवृत्ती काढून तीत तान्ह्या मुलांच्या निगेचे प्रकरण घातले.

रुग्णालयात एकीची चूक दुसरी सावरते. घरी परिचारिका एकटीच असते. म्हणून हात केव्हा धुवावे, रोग्यास थंडी न बाधता खोलीत ताजी हवा कशी घ्यावी, औषध कधी व किती दिले ते कसे टिपावे, आणि विशेषतः डॉक्टरांस केव्हा बोलवावे, हे तिला आधीच ठाऊक पाहिजे.

आपल्या गावी जी बहीण रोग्यांच्या घरी जाते, तिची नुसती वाहवा करून थांबू नये, अशी आमची विनंती आहे. तिला शिकण्यास धाडावे, पुस्तक द्यावे. वाचता येत नसल्यास आपण वाचून दाखवावे.